समुद्राच्या जनावराला शेंदूर

दत्तोबा जिंतूरकडचा गडी. हैदराबादेत जामबागेतल्या एका कॉलेजात स्पिरिटातल्या जनावरांच्या बरण्या पुसत होता त्याला बारा वर्षं झाली, पण नोकरी हंगामीच. राहायला मलकपेठेत, सासऱ्याच्या घरात.

पोलिस ॲक्शनच्या धांदलीत कॉलेजला कुलूप लागायच्या दिवशीच मांजरानं एक बरणी पाडून फोडली. आत मुठीएवढा धोंडा, धोंड्याला चिकटलेली जाड कातडी, आणि कातडीवर चांदण्यांसारखी नक्षी. दुसरी बरणी मिळेना. दत्तोबानं धोंडा ओल्या फडक्यात गुंडाळला, घरी नेऊन फळीवर ठेवला. तेवढ्यात गावाकडून सोयरे येऊन थडकले, अन् त्या गोंधळात धोंडा डोक्यातून गेला तो गेलाच.

महिन्यानं कॉलेज उघडलं तेव्हा आठवण झाली. नव्या सरकारचे अप्पारावसाहेब तपासणीला येणार होते. ज्याच्या बरण्या यादीबरहुकूम भरतील तो कायम, बाकीच्यांनी घर धरायचं.

दत्तोबा धापा टाकत घरी आला. फळी रिकामी. मग महिन्यात पहिल्यांदाच देवघरात डोकावला. धोंडा देवघरात, तेलाशेंदरानं लालभडक, वर जास्वंदीचं फूल.

"आगं भामे, हे काय करून ठेवलीस?"

"तुमीच आनलाव की!" त्याची बायको भामा म्हणाली. "वल्ल्या फडक्यात, कुनाला न सांगता. देवाबिगर असं कोन आनतंय?"

शेजारच्या चतुराबाईनं म्हशीसाठी नवसही बोलला होता, आणि म्हशीला पारडी झाली होती. त्यामुळे प्रकरण पक्कं झालेलं.

"आगं, ते जनावर हाय!"

"मग तोंड कुटं हाय त्याचं?" चतुराबाईनं दारातूनच विचारलं.

"एक न्हाई, शंभर तोंडं हायत. चांदनीची पाकळी न् पाकळी येगळं जनावर. ज्येनं त्येनं आपल्या तोंडानं पानी घ्यायचं, न् घान पानी समद्यांनी मधल्या एकाच भोकातून सोडायचं. पांघरून समद्यात एक."

"म्हंजे आपल्या गल्लीवानीच. चुली न्याऱ्या, मोरी एक."

दत्तोबाला चेव आला. प्रोफेसरांनी पोरांना शिकवलेलं त्यानं दाराआडून बारा वर्षं ऐकलं होतं. "बारकं असतं तवा त्येला शेपूट असती. पाठीला कण्यावानी दोरी असती. पवत पवत जागा धुंडतंय. येकदा धोंड्याला चिकटलं की शेपूट जिरवतंय, दोरी जिरवतंय, होता नव्हता मेंदू बी जिरवतंय. मंग जलमभर तितंच."

"घरजावई म्हना की," भामा म्हणाली.

चतुराबाईनं पदर तोंडात कोंबला. दत्तोबा शेंदूर खरडायला बसला. पण कातडी वाळून पापड झाली होती. शेंदराबरोबर तीही भुगा होऊन खाली पडली. हातात राहिला नुसता धोंडा.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो धोंडा अप्पारावांच्या टेबलावर ठेवला आणि खरं ते सांगून टाकलं. "साब, घरवाली इसकू भगवान बना दी."

अप्पाराव विशाखापट्टणचे. खुर्ची करकरेपर्यंत हसले. "अरे, हमारे बंदर में जहाजों के पेंदे पे ये चादर के माफिक जमता. जहाज जिधर जाता, ये फुकट में उधर जाता. खलाशी गालियां देते-देते खुरचते. और तुम लोगां पूजा करते?" मग हसू थांबलं. "पंद्रा दिन में ताजा लाके बरनी भरो. नै तो नाम कटता."

बापजन्मात समुद्र न पाहिलेला दत्तोबा स्पिरिटाची बरणी पोटाशी धरून विशाखापट्टणला उतरला. बंदरात कोळी एक होडी उलटी टाकून खरडत होते. तिच्या बुडाला नारिंगी, जांभळी चांदण्यांची रजई चिकटलेली. दत्तोबाला तेलुगू येईना. त्यानं त्या घाणीकडं बोट केलं, मग बरणीकडं, मग हात जोडले. एक म्हातारा कोळी बघत राहिला. त्यानं पलीकडच्या होड्यांवरच्या चौघांना हाका मारून बोलावलं, हा येडा बघा म्हणून, आणि टोपलीभर खरवड दत्तोबाच्या पायांशी ओतली.

त्यातला एक ओला तुकडा समुद्राच्या पाण्यात धरून दत्तोबानं बोट लावलं. बारीक बारीक तोंडं झटकन मिटली. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या हाताखालच्या जनावरानं हालचाल केली होती. "आयला, जित्तं हाय की!" तो ओरडला. मग तुकडा बरणीत सोडला न् बूच दाबून बसवलं.

अप्पारावांनी बरणी उजेडात फिरवून पाहिली, यादीवर खूण केली आणि कायमच्या कागदावर सही ठोकली.

"क्या दत्तोबा, समंदर कैसा लगा?"

"अच्छा है साब," दत्तोबा म्हणाला. "पन बरनी भौत बडी है. पोंछने को आदमी कित्ते रखे?"