हळदीचे पाणी

कडुनिंबाच्या कोमट पाण्याचा कडवट वास आला, की आईची पाठ डोळ्यांपुढे उभी राहते. तांबूस चट्टे, मधूनच फुटलेल्या गाठी. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा त्या पाण्यात भिजवून मी तिचे अंग नुसते टिपत असे. पुसले तर साल निघे. मग हलक्या बोटांनी खोबरेल. ही शुश्रूषा मला इस्पितळातल्या सिस्टरने शिकवली. कॉलेजात शिकलेल्या मोठ्या शब्दांपैकी एकही त्या पाठीपुढे उपयोगी पडला नाही.

कळव्याच्या खाडीकाठी आमची मिठागरावर राबणारी वस्ती. चट्टे दिसताच वस्तीने ठरवून टाकले: महारोग! विहिरीवर आईचा हंडा दूर सरकवला गेला. जिचा हात लागल्यावाचून कुणाच्या लेकीची हळद सुरू होत नसे, तिच्या दारावरून हळदीची गाणी परस्पर पुढे जाऊ लागली. खाज ती सोशीत होती. हे मात्र तिला सोसवेना. माणसाचे कातडे नेमके कुठे संपते, कुणी सांगावे?

पुढे मुंबईच्या इस्पितळात कातडीचा तुकडा तपासला. डॉक्टर म्हणाले, हा महारोग नव्हे, कातडीत उतरलेला एक दुर्मिळ कॅन्सर आहे. बरा होणार नाही, पण कुणाला लागणारही नाही. आणि घरी येऊन बाबांनी देवापुढे साखर ठेवली! मरणाच्या बातमीला साखर!

वस्तीला कळले. शेजारच्या काशीकाकूच्या लेकीची हळद होती. आईला चालवत नव्हते, म्हणून काकू नवरीला आणि हळदीची वाटी घेऊन बायकांसह दारात आली.

"वैनी, पयला हात तुझाच."

आईने नवरीच्या गालाला हळद लावली. मग रीतीप्रमाणे बायकांचे हात आईकडे वळले.

"काकू, तिला नको, आग होते," मी कशीबशी म्हणाले.

"गप गं बाय," आई म्हणाली. "आग मला होईल ना? लावू दे."

"नवरीपेक्षा तूच गोरी दिसतेस की!" काकू हसली. आईही हसली. तिच्या डोळ्यांतले पाणी बायकांनी आनंदाचे मानले.

त्या गेल्यावर मी पाणी घेतले. एकेक जागा टिपताना तिने ओठ दाबून धरले होते. पाणी पिवळे झाले.

"सगळी नको काढू," ती पुटपुटली.

नखांना जखम नव्हती; ती मी तशीच राहू दिली. ती गेली तेव्हाही नखे पिवळीच होती.

आता लग्नघरी हळदीचा वास दरवळतो, बायका हसतात, मला पुढे बोलावतात. त्या वासाखाली मला एकटीला कडुनिंबाचा वास येतो.