अठरा शॉट, एक गोल

आमच्या टीमचे वर्षभरातले गोल मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. किस्से मात्र इतके साचलेत, की चहाला बसल्यावर एक सांगेपर्यंत तीन आठवतात! त्यातले बरेचसे एकाच रविवारचे.

शहाद्याजवळचं आमचं गाव. मी डावा बॅक. आदल्या दिवशी सेमीफायनलला खांडबाऱ्याच्या टीमकडून दोन-एकने हरलो होतो. आमचे कोच दिलीप सर शाळेत पीटी शिकवायचे, त्याच वर्षी रिटायर होणार होते. त्यांची टीम फायनलला कधीच गेली नव्हती.

सकाळी त्यांनी आम्हाला वर्गात बसवलं आणि फळ्यावर लिहिलं, 'शॉट अठरा, गोल एक.'

"आज आपण अटॅकची कार्यक्षमता तपासू." ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता.

* * *

अठरातले अकरा शॉट आमच्या स्ट्रायकरचे, भटूचे. सरांनी त्याला मैदानाचं चित्र काढलेला कागद दिला. "प्रत्येक शॉट कुठे गेला, खूण कर."

भटू दोन खुणा करून थांबला. "सर, दुसरा कागद द्या. हाऊ ल्हान शे. बाकीना शॉट रस्तावर गयात!"

* * *

मग सरांनी अवयवांप्रमाणे हिशोब मांडला. उजवा पाय, शून्य. डावा पाय, शून्य. डोकं, शून्य.

आमचा एकमेव गोल झाला तेव्हा भटू रेफरीशी भांडत होता, आणि बॉल भटूच्याच पाठीवर आपटून आत गेला होता. सरांनी खडू उचलला आणि अगदी गंभीरपणे लिहिलं, 'पाठ, शंभर टक्के.'

* * *

व्हिडिओ भटूच्या बायकोने, सुनीताने मोबाईलवर काढला होता. बघतो तर पूर्ण नव्वद मिनिटं नुसता भटू! भटू पळतोय, भटू पाणी पितोय, भटू मोजे ओढतोय.

"सुनीताताई, बॉल कुठे आहे?" सरांनी मागच्या बाकावर बसलेल्या तिला विचारलं.

"सर, बॉल काय मन्हा नवरा शे?"

* * *

रायसिंग आमचा हाफ. सातपुड्यातल्या काठी गावाचा, नोकरीसाठी इकडे आलेला. बोलणं कमी.

"अरे, तू स्वतः गोलसमोर होतास. तरी दर वेळी भटूलाच पास का?"

"सर, तो एकटाच मला नावाने हाक मारतो. बाकीचे 'ए काठी' म्हणतात."

'ए काठी' म्हणणाऱ्यांत मीही होतो.

* * *

तेवढ्यात दारात खांडबाऱ्याचा गोलकीपर! मैदानावर विसरलेले ग्लोव्हज न्यायला आला होता. सरांनी त्यालाच बसवलं. "तूच सांग बाबा, आमचं कुठे चुकलं?"

तो संकोचला. "सर, माझा डावा गुडघा दुखत होता. त्या बाजूला मला उडीच मारता येत नव्हती. आमच्या पोरांना शेवटची दहा मिनिटं ओरडून सांगत होतो, 'डावीकडे या रे, मला जमत नाही!' त्यांनी ऐकलंच नाही."

सरांनी खडू खाली ठेवला. हळूहळू आमच्याकडे वळले. "त्याच्या गोलसमोर तुम्ही चौघं होतात. एकालाही ऐकू आलं नाही?"

भटूने हात वर केला.

"माले आयकू उनं व्हतं, सर! पन माले वाटनं, हाऊ आपले फसाडी ऱ्हायना!"