झांबेझीच्या काठावर मामाजीचे संत्रे

आफ्रिकेची सफारी म्हटली की तुमी सिंहाची वाट पाहत बसान. खुशाल बसा. माह्या या गोष्टीत सिंह येत नाही. बिबट्या आला होता म्हणतात, पण तवा मी मच्छरदाणीत पाय अडकून पडलो होतो. मगर तेवढी पाह्यली. ती दिवसभर रेतीवर तोंड उघडून पडली होती, लग्नाची पंगत आटोपल्यावर पाहुणा पडते तशी.

जायचं कारण म्हणजे माहे मामाजी. शेंदूरजनाघाटले त्याईचा संत्र्याचा बगीचा आहे. त्याईची पोरगी अन् जावई झांबियात नोकरीले. जावयानं सासू-सासऱ्यासाठी झांबेझी नदीच्या काठावर तीन दिवसाचा तंबूतला मुक्काम ठरवला. पोरीचं बाळ लहान, म्हणून ते दोघं येऊ शकत नोयते. मामा-मामीले इंग्रजीचा गंध नाही. मंग सांगाले-बोलाले म्हणून मले नेलं. माहं इंग्रजी मूर्तिजापूरच्या शाळेतलं, तसं लंगडंच. पण मी आवाज कोणाचाही काढतो. हेडमास्तरचा, कंडक्टरचा, बकरीचा. त्याच्यानं घरच्याईले वाटते का पोट्ट्याले सगळंच येते.

रस्त्यात एका गावाच्या बाजारात एका बाईपाशी मामाजीले संत्र्याचा ढीग दिसला. झालं. गाडी थांबवा लागली. संत्रावाला माणूस दुसऱ्याचा संत्रा पाहून पुढं जाऊच शकत नाही. त्याईनं एक फळ उचललं, देठापाशी अंगठा दाबला, नखानं साल खरवडली, वास घेतला अन् मले म्हणे, इले विचार कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे खालच्या कोणत्या रोपावर, बांधते. मी खुंटाले इंग्रजीत काय म्हणतात ते आठवत उभा. ती बाई हसून राहिली. शेवटी मामाजीनं सहा संत्रे घेतले. खाण्यासाठी नाही. बी पाहाची होती, साल किती जाड ते पाहाचं होतं. ते सहाही दोन धोतरात गुंडाळून बॅगच्या बुडाशी ठेवले. मुक्कामापर्यंत पुढं नावेनं जाचं होतं, ती बॅग मीच उचलून नावेत ठेवली.

मुक्कामाले ना भिंत ना तार. मोठाले झाडं, त्याच्याखाली तंबू, अन् समोर एवढी रुंद नदी का पलीकडचे डोंगर धुरकट दिसत. पाण्यात पाणघोडे फुर्रफुर्र करून राहिले होते. मामीले ते आवाज मामाजीच्या घोरण्यासारखे वाटले.

तिथला गाइड पन्नाशीचा, उंच, काटकुळा माणूस. हळू बोले, अन् प्रत्येक वाक्यानंतर एक बोट वर करे. त्यानं आमाले झाडाखाली बसवून नियम सांगतले. मी त्याच्याच आवाजात, त्याच्याचसारखं बोट वर करत, ते वऱ्हाडीत सांगू लागलो. तंबूतून एकटं निघाचं नाही. पाण्याच्या काठी जाचं नाही. हत्ती दिसला तं पळाचं नाही, गुमान उभं राहाचं. मामाजी पोट धरून हसाले लागले. मामीनं तोंडाले पदर लावला. गाइडही हसला. मी आणखीनच चढलो.

शेवटचा नियम फळाचा होता. मुक्कामात फळ आणाचं नाही, त्यात संत्रा तं अजिबातच नाही. तो सांगे, इथं एक हत्ती आहे, डावा कान फाटलेला. एका पाहुण्यानं त्याले कधीतरी संत्रा खाऊ घातला. तवापासून त्याले चटक लागली, वासावर येऊन त्यानं एक तंबू फाडला. आता जंगल खात्यानं सांगतलं आहे, आणखी एकदा फळासाठी तंबूत शिरला तं त्याले गोळी घालू. मायच्या मागं चालत होता तवापासून मी त्याले ओळखतो, असं तो म्हणाला. या वाक्यानंतर त्यानं बोट वर केलं नाही.

मी हे सगळं ऐकलं. समजलं पण. मामाजी डोळे पुसत म्हणे, "काय म्हणते रे?"

मी म्हटलं, "फळं झाडावरच राहू द्या म्हणते."

गाइडनं विचारलं, तुमच्यापाशी काही फळ आहे का? मी त्याचाच आवाज काढून, बोट वर करून म्हटलं, "नो फ्रूट, सर." पुन्हा सगळे हसले.

असं काहून केलं, त्याचं खरं उत्तर हेच का हे लोक मामाजीचे संत्रे काढून घेतीन असं मले वाटलं. अन् मैफल रंगली होती, ती मोडाले जीवावर आलं. आमच्याकडं हत्ती म्हणजे बैराग्यासंग गावात येणारा, केळं घेऊन डोक्यावर सोंड ठेवणारा. दोन धोतराच्या आतला वास त्याले येईन, हे मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमी झाडाखाली जेवून राहिलो होतो. नदीकडून हत्ती वर आला. पहिला तंबू सोडला, दुसरा सोडला, अन् आमच्या तंबूपाशी थांबला. सोंड वर करून वास घेतला. मंग तंबूच्या दाराच्या चेनवरून सोंड हळूहळू फिरवाले लागला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावरून हात फिरवावा तशी. डावा कान अर्धा फाटलेला.

गाइडचा घास हातातच राहिला. तो आपल्याशीच म्हणाला, तोच तंबू काहून?

मामाजी तं खूश. हात जोडून हळूच म्हणे, "पाह्य, आपल्याच दारी आला."

काल सांगताना मी सोडलेलं सगळं मामाजीले सांगतलं. कान, चटक, गोळी. कोणाचाच आवाज काढला नाही. मामाजीचे हात जोडलेलेच राहिले.

"त्याले सांग," ते म्हणाले. "आत्ता सांग."

मी गाइडपाशी गेलो. "सर, सिक्स ऑरेंजेस. इन अवर बॅग."

त्यानं धावत जाऊन जीप सुरू केली अन् हळूहळू हत्तीच्या अन् तंबूच्या मधात घातली. तोवर चेन वीतभर उसवली होती, सोंडेचं टोक आत गेलं होतं. गाइड जीपच्या दारावर थापा मारे अन् आपल्या भाषेत काहीतरी बोले, अडून बसलेल्या बैलाशी बोलावं तसं. हत्तीनं कान फडकावले. कपाळ लावून जीपले एक धक्का देल्ला. जीप झोकांडली. मामीनं माहं मनगट असं धरलं का नखं रुतले. गाइडनं जाताजाता आमाले बसून राहाले सांगतलं होतं, तरी मामाजी उभे होते.

गाइड बोलतच राहिला. लय वेळानं हत्तीनं सोंड खाली टाकली, वळला, अन् नदीकडं निघून गेला. एकही संत्रा त्याले भेटला नाही.

संत्रे लोखंडी डब्यात बंद करून नावेनं दूर पाठवून देल्ले. हत्ती आत शिरला नाही, त्याच्यानं वर जंगल खात्याले कळवाची गरज नाही, असं गाइड म्हणाला. मले रागावला नाही. आणखी काही आहे का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं, अन् खाली बसून बॅग स्वतः तपासली.

रागावले ते मामाजी. लहानपणापासून माह्या नकलेवर सगळ्यात जास्त हसणारा माणूस तो. तंबूमागं मले बसवलं.

"हसवाले आणलं होतं का तुले? मागच्या साली बगीच्यात रानडुकरं शिरले. माराची परवानगी मांगतली, त्या अर्जावर सही माही. एक मादी माह्यासमोर पडली. तिनं काय केलं होतं? खाल्लंच होतं ना. बगीचा माहा होता, करा लागलं. हे जंगल काय माहं आहे? त्या माणसानं तुले जीव सांगतला अन् तू मले गंमत सांगतली."

मी काहीतरी बोलाले गेलो.

"चूप. मले इंग्रजी येत नाही याची आजलोक कधी लाज नाही वाटली. आज वाटली, तुह्यापायी. ऊठ आता. तो चेन शिवून राहिला एकटाच. जा, कापड धर त्याले."