शेजारी बसणारी खाला

“सरका जरा,” म्हणतच खाला बसायच्या. बाक अख्खा रिकामा असला तरी त्या तुमच्या लगतच यायच्या, कोपराने तुम्हाला थोडं ढकलायच्या आणि अगदी खेटून टेकायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण आधी अंग चोरतो, मग हळूहळू सैलावतो आणि नको ते बोलून बसतो.

त्यांचं नाव सांगणार नाही. आमच्या कामाचा तो नियमच आहे. मी पेणला राहते, समुपदेशन करते. एका संशोधनासाठी रोह्याच्या मोहल्ल्यात माझं येणंजाणं सुरू झालं. अल्पसंख्याक वस्त्यांमधल्या बायका दुसऱ्यांना जितकी माया लावतात तितकी स्वतःला लावतात का, आणि त्याचा त्यांच्या मनाच्या आरोग्याशी काय संबंध, असा विषय होता. तो ऐकून एसटीत शेजारी बसलेले काका म्हणाले होते, “याचा पगार मिळतो?”

पहिल्या दिवशी मी शिकवल्याप्रमाणे दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. खाला आल्या, खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “समोर कशाला बसवता? मी काय पोलीस चौकीत आलीय?” मग त्यांनी आपली खुर्ची उचलून माझ्या बाजूला आणली. “सरका जरा.”

मी प्रश्न वाचला. कठीण काळात तुम्ही स्वतःशी मायेने वागता का?

“स्वतःशी?” त्यांनी तोंडावर पदर धरला. “म्हंजे आरशात बघून पापा घ्यायचा काय?” हसून झाल्यावर म्हणाल्या, “माझं काय घेऊन बसलात. पुढचं इचारा.”

पुढचंही त्यांनी असंच उडवून लावलं. संशोधनाच्या दृष्टीने बाई कुचकामी, असं ठरवून मी निघणार, तेवढ्यात त्यांनी घावने वाढले. आमची ओळख तिथे पक्की झाली.

खालांचं मोहल्ल्यात एक ठरलेलं काम होतं. कुणा बाईचा नवरा गेला की ती इद्दत पाळते. चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, नटायचं-सजायचं नाही, कारणाशिवाय बाहेर पडायचं नाही. त्या बाईकडे खाला रोज दुपारी जाऊन बसायच्या. सांत्वन वगैरे त्यांना जमायचं नाही. एकदा तर सोबतीला गेल्या आणि भिंतीला टेकून चक्क घोरायला लागल्या. रडणारी बाई आधी गप्प झाली, मग हसू आवरेना म्हणून आत पळाली. “मग? मी गेली म्हणून हसली ना ती?” हे वर त्यांचं म्हणणं.

एका तरुण विधवेला कंपनीत कामावर जाणं भाग होतं. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. शेजारणींची कुजबुज सुरू झाली. खालांनी मौलानांना जाऊन विचारलं, गरजेला दिवसा बाहेर पडायला मनाई नाही हे समजून घेतलं आणि आल्या तशा गल्लीत उभं राहून मोठ्याने म्हणाल्या, “तू जा गो. तुझी गरज अल्लाला ठाव हाय. बाकीच्यांनी आपापला भात बघा, करपतोय.” पुढे रोज सकाळी कंपनीच्या बसपर्यंत त्या तिच्याबरोबर चालत जायच्या. म्हातारीच्या गुडघ्यांचा आवाज यायचा, पण कुजबुजीचा बंद झाला.

मग खालांचे स्वतःचे शोहर गेले. अर्धांगवायूने किती तरी वर्षं ते अंथरुणाला खिळून होते आणि त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं सगळं खालाच करायच्या. मुलगा आखातातून आला, चाळिसाव्या दिवसाचा विधी करून परत गेला. खाला पहिल्या दिवसापासूनच इद्दतीत होत्या. आता सोबतीला मी जायला लागले, जमेल तशी.

त्याच सुमारास पेणला त्यांची थोरली बहीण आजारी पडली. आई लहानपणीच गेल्यामुळे या आपानेच खालांना वाढवलं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच. दोघी मोबाइलवर बोलायच्या. पुढे आपाला फोनवर बोलणंही झेपेना. मी पेणचीच, म्हणून निरोप्याचं काम माझ्याकडे आलं.

आपा पलंगाच्या अगदी कडेला निजलेल्या असायच्या. पडतील अशी भीती वाटून मी त्यांना आत सरकवायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

“राहू दे. तिची जागा हाय ती,” त्या अडखळत म्हणाल्या. “लहानपणी एकाच बाजल्यावर निजायचो. रातचं येऊन ढकलायची मला. आपा, सरक जरा. येईल ना गो ती?”

मी रोह्याला जाऊन जसंच्या तसं सांगितलं. खाला तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

“मौलाना काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणतात, दिवसाची जा, रातीला घरला ये. त्यांनी स्वतः निरोप धाडला.”

“मग चला. मिनीडोर रिक्षा बोलावते.”

“नाय.”

“खाला, तुम्हीच त्या पोरीला कंपनीत धाडलंत ना?”

“तिचं येगळं. माझं काय घेऊन बसलात.”

मला राग आला. शांतपणे ऐकून घेण्याचे पैसे मिळवणारी मी, चांगलीच चढ्या आवाजात बोलले. बहीण तुमची वाट बघत जीव धरून आहे, म्हटलं, आणि तुम्ही खडे वेचताय. तेव्हा खालांनी सूप खाली ठेवलं.

“मी त्यांना भरवत व्हती,” त्या शोहरांबद्दल म्हणाल्या. “घास सगळा बाहेर आला. कपडे बदलले, परत भरवला, परत बाहेर. मी तशीच हात वर करून म्हटलं, या अल्ला, आता सोडव. त्याच आठवड्यात ते गेले.” मग म्हणाल्या, “सोडव म्हटलं. त्यांना का मला, ते माझं मलाच ठाव नाय. आता मी सुटल्यासारखी भायेर फिरू?”

तुम्ही थकला होतात, असं कुणाच्याही तोंडून निघालं असतं, हे सगळं मी बोलले. त्या मान हलवत होत्या. दुसरी कुणी हे सांगत आली असती तर खालांनी तिला कोपराने ढकलून म्हटलं असतं, येडी का गो तू, माणूस हायस, दमलीस. तीच खाला स्वतःला मात्र सोडायला तयार नव्हती. दार सताड उघडं होतं. गल्लीत ऊन होतं, मिनीडोरवाला हॉर्न वाजवून गिऱ्हाईक बोलावत होता. खाला उठल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या, चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आल्या. मग त्या मागे फिरल्या आणि पुन्हा तांदूळ घेऊन बसल्या.

मी पुन्हा पेणला गेले. आपांनी डोळ्यांनीच विचारलं. मी खोटं बोलले, येतायत म्हटलं. त्या आणखी थोड्या कडेला सरकल्या. दोन दिवसांनी त्या तशाच गेल्या.

खालांनी इद्दत शेवटच्या दिवसापर्यंत पाळली. ती संपली त्या सकाळी त्यांनी मला फोन केला. “पेनला न्या मला,” एवढंच म्हणाल्या. वाटेत नागोठणं गेलं, गडब गेलं. हातात डबा होता, आपाला आवडायच्या त्या खोबऱ्याच्या वड्यांचा. तो का घेतला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

भाच्याच्या बायकोने खोलीचं दार उघडलं. पलंग तिथेच होता, धुतलेली चादर घातलेली. खाला बराच वेळ उभ्या होत्या. मग पलंगापाशी गेल्या, डबा उशाशी ठेवला आणि कोपर किंचित पुढे केलं.

“आपा,” त्या म्हणाल्या, “सरक जरा.”

आणि आपाची कड सोडून त्या आतल्या बाजूला टेकल्या. मी दारातच उभी होते. त्यांच्या शेजारी बसण्यापुरती जागा होती, पण ती माझी नव्हती.