साहेबांची पडीक जमीन

नगररचना खात्यातल्या त्या साहेबांना मी बरीच वर्षं पाहत होतो, पण त्यांचा बूट शेताच्या मातीला लागलेला कधी दिसला नाही. नव्या वसाहतीचा प्रस्ताव आला की ते जीपने येत, नकाशा बॉनेटवर पसरत आणि बागेची हिरवी खूण नेमकी नाल्यावर करत. कुणी हरकत घेतली की सुपारी कातरत म्हणत, "असं बघा, शहर वाढणारच."

त्या दिवशी इंदिरानगरकडच्या एका मळ्याची पाहणी होती. आम्ही आसपासचे रहिवासी जमलो होतो. साहेबांनी जीपमध्ये बसूनच शेरा सांगितला, "जमीन पडीक आहे. वसाहतीला हरकत नाही."

मळेवाली मावशी वाफ्यात खुरपत होती. ती उठली. "सायेब, पडीक हाय, तर ही मेथी काय आभाळातून पडली?"

"असं बघा, कागदावर पडीकच आहे," साहेब गोड हसले आणि त्यांनी पिशवी देऊन शिपायाला खाली पिटाळलं. पिशवी भरून आली. त्यातली एक जुडी त्यांनी नाकाशी धरली, समाधानाने डोळे मिटले आणि मावशीला विचारलं,

"पुढच्या आठवड्यात कोथिंबीर निघेल ना?"