सोनाजीमामांनी सोडलेलं शिंग

साखऱ्याच्या शाळेवर मी रुजू झालो त्या दिवशी हिंगोलीची एस.टी. थांबण्याआधीच सोनाजीमामांचा आवाज तिला येऊन धडकला. ड्रायव्हरची टोपी उडाली, दोन शेळ्या आटल्या आणि माझी ट्रंक भिऊन आपणहून टपावरून खाली उतरली. माझ्या बेलबॉटमकडे पाहून मामा ओरडले होते, "मास्तर, वर कापड पुरलं न्हाई, मंग खाली एवढं उरलं काहून?"

मामा बैलांची शिंगं साळत. पोळा आला की बैलापुढं बसायचे, एक डोळा मिटून पातं चालवायचे. दोन्ही शिंगं अशी बराबर निघत की माझ्या कंपासपेटीनं मान खाली घालावी. वर हिंगुळाचा लाल रंग.

चौऱ्याहत्तरच्या पोळ्याला तातेरावांच्या बैलाचं एकच शिंग साळून, रंगवून मामा उठले. त्यांच्या डाव्या हाताला येणारं शिंग तसंच खरबरीत.

"मामा, दुसरं?" तातेरावांनी विचारलं.

"दुसरं तुमच्या सासऱ्याला ठिवलं. त्येला एकबी न्हाई!"

गाव हसलं. मीही. हसली नाही ती मामांची बायको, गोजरबाई. घरी मामा ताटाच्या उजव्या बाजूचंच खात आणि "अर्धंच वाढलं काहून?" म्हणून चिडत. ती ताट फिरवून ठेवी.

हे तिनं सांगितल्यावर मी दोघांना नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, "अल्झायमर दिसतो. मेंदूचा उजवा भाग आधी झिजतोय, म्हणून डावीकडचं ध्यानातच येत नाही, वाटा चुकतात. बोलणं डाव्या भागाकडे असतं, ते अजून शाबूत आहे. औषध नाही."

परत येताना गोजरबाई म्हणाली, "ह्यांना आजार हाय हे कुनाला पटतच न्हाई. वाट चुकले अन् कुनी इचारलं तर असं बोलतात, की लोक हसून सोडून देतात. मास्तर, तुमी तरी हसू नका. हात धरून घरी आना."

मी कबूल केलं.

पुढच्या आखाडात मामा शाळेपुढच्या फाट्यावर दिसले. घर डावीकडं. मी जाऊन हात धरला.

"हात काय धरता, मास्तर? आधी अंतरपाट तरी धरा!"

मी पोट धरून हसलो. तेवढ्यात शाळेची घंटा झाली. एवढा तल्लख माणूस कुणाच्या तरी बैलाकडंच निघाला असणार, असं वाटून मी वर्गावर गेलो. मामा उजवीकडं गेले.

तिसऱ्या दिवशी ते ओढ्यात सापडले. त्या पोळ्याला शिंगं साळायला कळमनुरीहून माणूस आणला.