साडेतीन दिनारांचा वंशवृक्ष

जॉर्डनमधल्या सल्त गावच्या रिफअतला मुलगा नाही, तरी सारं गाव त्याला अबू मुहन्नद, म्हणजे मुहन्नदचा बाप म्हणतं. होणाऱ्या मुलाचं नाव लग्नातच ठरलं होतं. मग ओळीनं चार मुली झाल्या, मुहन्नद काही आला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

कुळाच्या बैठकीत भिंतभर वंशवृक्ष रंगवलाय. अकरा पिढ्या, पानापानावर पुरुष. त्यांना जन्म कोणी दिला याची त्या झाडाला कल्पना नाही. रिफअतच्या पानाशी फांदी संपते आणि तिथे चित्रकारानं एक आडवी रेघ मारलीय. भूमापन खात्यात रिफअतनं तीस वर्षं लोकांच्या हद्दी आखल्या, पण ही एवढीशी रेघ त्याला प्रत्येक कॉफीबरोबर टोचायची.

निवृत्तीनंतर त्यानं वंशवृक्षाचा एक मोफत प्रोग्राम घेतला आणि कुळातल्या म्हाताऱ्यांकडे चकरा मारून आया, बहिणी, मुली सगळ्या त्यात भरल्या. दोन वर्षं गेली. आता हे जगभरच्या भाऊबंदांना दिसायचं, तर इंटरनेटवर जागा हवी. फुकटची जागा हजार नावांत भरत होती आणि कुळ भरलं दोन हजारांचं. जर्मनीतली एक जागा महिना साडेतीन दिनार भाड्यानं मिळत होती, तीही रोजच्या रोज सगळ्याची नक्कल ठेवून.

ज्या कुळानं गेल्याच महिन्यात एका लग्नात चाळीस मेंढ्या मनसफमध्ये, म्हणजे जेवणावळीच्या मटण-भातात, घातल्या, ते या साडेतीन दिनारांवर दोन तास बसलं. शेवटी कुळप्रमुख अबू नवाफनं तोड काढली.

"बायका काढून टाक. कुळ निम्म्यावर येतं, फुकटात मावतं!"

"आणि माझ्या मुली?" रिफअतनं विचारलं.

"तुझ्या मुली मानानं आमच्या डोक्यावर, अबू मुहन्नद. पण झाडावर नकोत. चारचौघांत बायकांची नावं घेतं का कुणी?"

ठराव एकमतानं झाला. इतकी काटकसर केल्यावर दमणारच माणसं, म्हणून कॉफीची आणखी एक फेरी झाली.

रिफअत घरी आला तो धुमसतच. स्वतःच पैसे भरायला बसला, तर त्याचं पेन्शनचं कार्ड परदेशात चालेना. थोरली रुला औषधांच्या दुकानात नोकरीला, तिनं आपल्या कार्डानं भरले.

"बाबा, जागा माझ्या नावावर लागली. पासवर्डची किल्लीही माझ्याकडेच. चालेल ना?"

"चालेल काय, धावेल!"

बापाला न विचारता तिनं आणखी एक केलं. आईच्या नावाशिवाय एकही मूल नोंदलं जाणार नाही, अशी सोय करून ठेवली.

बायकांसकट झाड झळकलं आणि अमेरिकेत डेट्रॉइटला गेलेली कुळातली तरुण पोरं त्यात आपापली पानं शोधू लागली. मग अबू नवाफला तिथे नातू झाला. भरल्या बैठकीत त्यानं हुकूम सोडला, "अबू मुहन्नद, चढव आमच्या पोराला झाडावर. आजच्या आज!"

"मला नाही जमत. किल्ली रुलाकडे आहे." रिफअतनं फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन अबू नवाफच्या हातात दिला.

"मबरूक, अम्मो!" रुलानं काकांचं अभिनंदन केलं. "बाळाचं नाव?"

"सुहैल! माझंच नाव ठेवलंय."

"वडील?"

"आमचा नवाफ."

"आई?"

अबू नवाफ खाकरला. "आई म्हणजे... नवाफची घरची मंडळी."

"मंडळींना नाव असेल ना? त्याशिवाय पुढे जाता येत नाही, अम्मो."

तो तोंडावर हात धरून काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं!"

"दीमा!" कुळप्रमुख ओरडला. चाळीस पुरुषांनी चाळीस कप खाली ठेवले. आभाळ कोसळलं नाही. सुहैल झाडावर चढला.

अबू नवाफनं घाम पुसला आणि फोन पुढे केला. "घे बाबा, घे. शाबास तुझी, अबू रुला!"

टोमणाच होता तो, आणि बैठक हसलीही. रिफअतचे मात्र डोळे भरून आले. पस्तीस वर्षांनी कुणीतरी त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली होती. त्यानं कॉफी संपवली आणि भिंतीकडे बघायचं राहूनच गेलं.